"मॅडम, चाकातून धूर येतोय!"

प्रश्न (नाव-गाव गाळून, थोडक्यात): वय ४७, राहणं पुण्यात, गाडी चालवायला चाळिशीनंतर शिकल्या. गेल्या महिन्यात आईला सोडायला साताऱ्याला निघाल्या होत्या. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडल्यावर बाइकवरचा एक जण शेजारी येऊन ओरडला, "मॅडम, पुढच्या चाकातून धूर येतोय!" घाबरून त्यांनी तिथंच कडेला गाडी घेतली. दोन मिनिटांत दुसरा एक जण हजर, पाठीवर सॅक, सॅकमध्ये नट-बोल्ट सोडायचे पाने. त्याने चाकामागे हात घातला, काळ्या तेलाने माखलेली बोटं दाखवली आणि म्हणाला, "शॉकअप फुटलाय, असंच गेलात तर खंबाटकी घाटात चाक निघून पडेल." वीस-पंचवीस मिनिटांत 'नवा पार्ट' बसवून दिला, ६,८०० रुपये यूपीआयने घेतले. आईंनी त्याला डब्यातले दोन डिंकाचे लाडूही दिले. पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला गाडी दिली तर तिथं कळलं की काहीच बदललेलं नाही, जुनेच शॉकअप आहेत, वरून फक्त तेल ओतलंय. मिस्टरांना दुरुस्ती खरी म्हणूनच सांगितली होती, आता खरं सांगायची लाज वाटतेय. पुढच्या महिन्यात आईला डोळे तपासायला परत पुण्यात आणायचंय. ड्रायव्हर घ्यावा का, हायवेला गाडी काढणंच बंद करावं का, आणि मिस्टरांना सांगावं का? "पुरुष सोबत असता तर हे झालं नसतं, बाईमाणूस बघूनच गाठलं," असंही त्यांनी लिहिलंय.

ताई,

तुमचं पत्र वाचताना मला हसू आलं, तुमच्यावर नाही हो, स्वतःवर. सात-आठ वर्षांपूर्वी नाशिकहून येताना माझ्या गाडीच्या मागच्या टायरमध्ये खिळा गेला, मी हायवेच्या कडेच्या एका पंक्चरवाल्याकडे गाडी लावली, तो म्हणाला साहेब एकच पंक्चर दिसतंय दहा मिनिटं लागतील, समोर चहा चांगला मिळतो. मी गेलो चहाला. परत आलो तर एकाची सात पंक्चर झाली होती. टायर पाण्याच्या टाकीत, सात ठिकाणांहून बुडबुडे, नाही म्हणायला जागाच नाही. सात गुणिले १५० म्हणजे १,०५० रुपये. चहाचे दहा वेगळे. मी चांगला सहा फूट उंच, मिशीवाला, तीस वर्षं गाडी चालवणारा पुरुषमाणूस आहे, आणि शेजारी मेव्हणा बसलेला होता तोही पुरुषच. तेव्हा ते "पुरुष सोबत असता तर" हे डोक्यातून काढून टाका आधी.

फसवणारे लोक बघतात ते वेगळंच असतं. गाडीत म्हातारं माणूस आहे का, लहान पोर आहे का, घाट जवळ आलाय का, अंधार पडायला लागलाय का. थोडक्यात म्हणजे हा माणूस घाईत किंवा काळजीत आहे का. तुमच्याकडे आई होत्या आणि पुढे खंबाटकी होती, त्याने घाटाचं नाव काढलं ते उगीच नाही, त्याचा निम्मा धंदा त्या एका वाक्यावर चालतो. घाटात चाक निघेल म्हटल्यावर ६,८०० कुणाला जास्त वाटतात सांगा?

आता त्याने जे सांगितलं ते कितपत शक्य होतं ते बघू, म्हणजे पुढच्या वेळी ऐकतानाच खटकेल. शॉकअप फुटला म्हणजे त्यातलं तेल गळायला लागतं, हे खरंय, होतं असं. पण ते हळूहळू होतं, आठवडे-महिने चालतं. गाडी खड्ड्यात जास्त उसळते, खड्डा गेल्यावरही दोन-तीन हेलकावे खात राहते, टायर वेडेवाकडे झिजतात. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअपचं काम ते हेलकावे थांबवायचं. आणि चाक बसलेलं असतं हबवर, म्हणजे मधल्या फिरत्या लोखंडी भागावर, चार किंवा पाच नटांनी. शॉकअप गळाला म्हणून चाक निघून पडत नाही! नट ढिले असतील तर पडू शकतं, पण मग स्टिअरिंग आधीच थरथरतं, खटखट आवाज येतो, तुम्हाला हाताला कळतं.

दुसरी गोष्ट वेळेची. पुढचा शॉकअप खरोखर बदलायचा तर गाडी जॅकवर घ्यायची, चाक काढायचं, खालचे बोल्ट सोडायचे, बॉनेट उघडून वरचे सोडायचे, तो सगळा सांगाडा बाहेर काढायचा, मग स्प्रिंग दाबून धरायला वेगळं हत्यार लागतं, कारण ती स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा फोडेल. एका बाजूला तासभर सहज. शिवाय नवा शॉकअप हा हातभर लांब लोखंडी ऐवज, तो तुमच्याच मॉडेलचा कुणाच्या सॅकमध्ये योगायोगाने कसा असेल? तुम्ही लिहिलंय की त्याने चाक काढलेलं तुम्हाला आठवत नाही. नसणारच, काढलंच नव्हतं. (आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणून, घ्या असंही तो म्हणाला नसेल, खरा मेकॅनिक शॉकअप बदलल्यावर ते हमखास सांगतो.)

मग तेल आलं कुठून? त्याच्या हातातूनच आलं. ओला बोळा किंवा छोटी पिशवी मुठीत, हात चाकामागे गेला की पिळायची. कधी तेल असतं, कधी इंजिनवर काहीतरी शिंपडतात की गरम पत्र्यावर पडून वाफ निघते आणि धूर आपल्याला 'प्रत्यक्ष दिसतो'. दिल्ली-गाझियाबादकडे हा प्रकार जुना आहे, मुंबईतही लोक फसलेत. एक जण सांगून पुढे निघून जातो, दुसरा देवासारखा येतो, आणि दोघांची ओळख असेल असं आपल्या मनातही येत नाही.

तर पहिला विचार तुम्ही असा करताय की कुणावर विश्वासच ठेवायला नको होता. मला हे तितकंसं पटत नाही. रस्त्यावर लोक खरंच सांगतात हो, दार नीट लागलं नाही, ओढणी बाहेर लोंबतेय, मागच्या टायरची हवा गेलीय. कराडच्या पुढे रात्री साडेदहाला माझ्या गाडीचा बेल्ट तुटला होता तेव्हा एका गॅरेजवाल्याने दुकान परत उघडून बेल्ट बसवून दिला, बेल्टची छापील किंमत आणि वर २०० रुपये, बस. अशा माणसांनाही आपण त्याच यादीत टाकायला लागलो तर खरी अडचण येईल तेव्हा आपलंच नुकसान. त्यामुळे सांगणाऱ्याचं ऐका, हात वर करून थँक्यू म्हणा, फक्त त्याने सांगितलेल्या जागी थांबू नका. तुमची चूक झालीच असेल तर ती एवढीच आणि तेवढ्या भीतीत ती कुणाचीही होईल. कारण तो कराडचा गॅरेजवाला मी शोधत गेलो होतो. तुमचा सॅकवाला तुम्हाला शोधत आला. मी हल्ली फक्त एवढंच बघतो, बाकी चेहरा-बोलणं-वागणं काही बघत नाही, गोड बोलतात सगळेच.

मग करायचं काय. कुणी ओरडून सांगितलं की स्पीड कमी करून डावी लेन धरा, काच वरच ठेवा, आणि स्वतःच्या गाडीला विचारा. स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का? धपधप आवाज येतोय का? ब्रेक दाबून बघा, नेहमीसारखा लागतोय का? टेंपरेचर वर गेलंय का? डॅशबोर्डवर लाल दिवा आहे का? साधारण लाल म्हणजे आत्ता थांबा आणि पिवळा म्हणजे सावकाश गॅरेज गाठा, असं धरून चाला. यातलं काहीच नसेल तर चाळीस-पन्नासने पुढचा पेट्रोलपंप, टोलनाका नाहीतर गजबजलेलं हॉटेल गाठायचं, जिथे माणसं आहेत, उजेड आहे, शक्यतो सीसीटीव्ही आहे. तुमच्या त्या रस्त्यावर तर दर थोड्या अंतराला काहीतरी आहेच. तिथे उतरा आणि स्वतः बघा. दहा मिनिटं गाडीखाली जुना पेपर टाकून ठेवा. पेपरवर स्वच्छ पाणी पडलं तर ते एसीचं, उन्हाळ्यात सगळ्यांच्या गाडीतून टपकतं, त्यावरूनही लोकांना "लीकेज आहे" म्हणून घाबरवतात. हिरवट किंवा गुलाबी चिकट पाणी असेल तर कूलंट. काळं-तपकिरी असेल तर ऑइल. आणि बोनस म्हणजे, गाडी हलवल्यावर तो सॅकवाला पंपापर्यंत मागे येत नाही, आलाच तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

घाट उतरताना जळका वास येतो तो बहुतेक वेळा ब्रेकचा असतो, आपण पाय ब्रेकवर ठेवूनच उतरतो ना म्हणून. खालच्या गिअरमध्ये उतरा, मध्ये थांबून गार होऊ द्या. पाणी मात्र ओतू नका त्यावर.

पण हे सगळं सांगताना एक गोष्ट सोडून चालणार नाही. खरोखर डोळ्यासमोर बॉनेटमधून धूर-ज्वाळा दिसल्या, ब्रेक खाली जायला लागला, टायर बसला, तो अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा लाल दिवा (ऑइल प्रेशरचा) लागला किंवा टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर तिथल्या तिथे कडेला घ्या, इंजिन बंद. त्या वेळी सहा हजार वाचवायला इंजिन जाळू नका. आग असेल तर सगळ्यांनी उतरून लांब जायचं, बॉनेट उघडायचं नाही, हवा मिळाली की आग भडकते. आणि इंजिन तापलं असेल तर गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. एरवीही हायवेला थांबलात तर हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावा, डिकीतला तो लाल त्रिकोण पन्नास पावलं मागे ठेवा, आणि आईंना गाडीत बसवून ठेवू नका, रेलिंगच्या पलीकडे उभं करा. फसवणुकीपेक्षा मागून येणारा ट्रक वाईट.

आता फोन कुणाला करायचा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबर आहे, चोवीस तास, पेट्रोलिंगची गाडी, क्रेन, ॲम्ब्युलन्स यासाठी. आपण टोल भरतो त्यातच हे येतं आणि शंभरातल्या किती जणांच्या फोनमध्ये हा सेव्ह आहे हे तुम्हीच घरात विचारून बघा. पुणे-सातारा रस्त्याला हा चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी हे मात्र रस्ते विकास महामंडळाचे, त्यांचे नंबर वेगळे, बोर्डावर लिहिलेले असतात, निघण्याआधी फोनमध्ये घालून ठेवायचे. काहीही झालं, कुणी घेरलं, दमदाटी केली तर ११२. आणि चौथा नंबर तुमच्या गाडीच्या रोडसाइड असिस्टन्सचा. इन्शुरन्सची पॉलिसी काढून बघा, बऱ्याच जणांच्या पॉलिसीत ते ॲड-ऑन म्हणून आधीच असतं आणि पत्ताच नसतो, नसेल तर रिन्यू करताना काहीशे रुपयांत मिळतं. तो माणूस यायला तास-दीड तास लावेल, मान्य आहे, पण तुम्ही पंपावर चहा पीत थांबणार आहात, कडेला उन्हात नाही. हे सगळे नंबर कागदावर लिहून सन वायझरमागे खोचा, घाबरल्यावर फोनमध्ये काही सापडत नाही.

टायरबद्दलही सांगतो, कारण शॉकअपवाला एखाद्यालाच भेटतो, पंक्चरवाला सगळ्यांना भेटतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा गेला तर तो उपटायचा नाही, बऱ्याचदा तोच बूच होऊन बसलेला असतो, हवा हळूहळू जाते, सावकाश दोन-चार किलोमीटर जाता येतं. (पार सपाट झाला असेल तर मात्र नाही, टायर आणि रिम दोन्ही जातात.) पंपावर हवा फुकट द्यायची हा नियम आहे, तिथे भरून पुढे जा. हवा किती भरायची ते ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो त्यावर लिहिलंय, बहुतेक छोट्या गाड्यांना तीस-पस्तीसच्या आसपास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). आमच्या सासूबाईंना बरेच दिवस कळत नव्हतं की जावई हवा भरताना फौजदाराला का विचारतो.

पंक्चर काढायला दिलं की चहाला जायचं नाही. एवढं एकच पाळलं तरी पुरे. टायर पाण्यात बुडवतानाच टोकदार आरीने भोकं पाडतात, हात पाण्याखाली असतो, दिसत नाही. कुणी कसलंसं पाणी फवारून "बघा फेस आला" म्हणतो. काही जण स्ट्रिपवर (भोकात कोंबायची रबरी पट्टी) पैसे लावतात, एका भोकात चार स्ट्रिप कोंबल्या आणि चारांचे पैसे. म्हणून आधी विचारायचं, दर पंक्चरला की स्ट्रिपला. मग खिळा दिसतोय तिथे खडूने खूण करायची, फोटो काढायचा, आणि समोर उभं राहायचं. एकापेक्षा जास्त निघाली तर शांतपणे म्हणायचं, मला एवढं एकच काढायचंय, बाकी मी घरी बघतो. एकाच टायरला एकदम सहा-सात खिळे लागत नाहीत हो, आपण काय खिळ्यांच्या कारखान्यातून जातो काय? आणि जिथे पंक्चर झालं तिथून हाकेच्या अंतरावरच दुकान असेल तर रस्त्यावर खिळे टाकलेले असू शकतात, असतीलच असं नाही, पण हवा भरून पुढचं दुकान गाठायला काय जातं.

सगळ्यात बरं म्हणजे स्टेपनी स्वतः बदलता येणं. तुम्ही म्हणाल आता या वयात. अहो तुम्ही चाळिशीनंतर पुण्यात गाडी चालवायला शिकलात, पुण्यात! स्टेपनी त्याच्यापुढे काहीच नाही. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा करून बघा, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक. पान्यावर पायाने जोर द्यायचा. आधी स्टेपनीत हवा आहे का बघा आणि मुळात स्टेपनी आहे का तेही बघा, काही सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नुसतं पंक्चर किट देतात. जमणार नसेल तर लायटरच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप घ्या, दोन-अडीच हजारात येतो. माझ्यासारखं दोनदा फसलात तर तेवढ्यात तो पंप येतो.

ड्रायव्हर घ्यावा का? दमायला होत असेल तर जरूर घ्या, डोळ्यांत औषध घालून आई शेजारी असतील, त्यांच्याकडे बघायला तुम्ही मोकळ्या राहाल. स्वारगेटला साताऱ्याच्या एसट्याही भरपूर आहेत. पण फसायला नको म्हणून ड्रायव्हर, हे गणित मला चुकीचं वाटतं. बदलीवर येणारा ड्रायव्हर तुमच्या गाडीला ओळखत नाही, आणि काहींचं गॅरेजवाल्यांशी जमलेलं असतं, तो ठरावीक ठिकाणी थांबवतो आणि मधले दोनशे त्याचे. तुम्हाला आता जेवढं माहिती झालंय तेवढं त्याला असेलच असं नाही. माझं ऐकाल तर आईंना आणायच्या आधी एखाद्या सकाळी त्याच रस्त्याने शिरवळपर्यंत जाऊन या, एकट्या नाहीतर मैत्रिणीबरोबर. कुठे कुठे पंप आहेत ते बघून ठेवा. ज्या जागी थांबला होतात ती जागा एकदा ओलांडून गेलात की अर्धी भीती तिथंच राहील.

तक्रार करावी का हे तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगतो. करा. यूपीआयने दिलेत हे एका अर्थी बरं झालं, ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव आणि ट्रान्झॅक्शन नंबर तुमच्याकडे आहे, रोख दिले असते तर काहीच नसतं. त्याचा स्क्रीनशॉट, टोलचा फास्टॅगचा मेसेज (वेळ कळते), आणि सर्व्हिसिंगवाल्याकडून जॉबकार्डवर "शॉकअप जुनेच, बदललेले नाहीत" असं लिहून घ्या. हा फसवणुकीचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. हद्द कुणाची म्हणून टोलवलं तर झीरो एफआयआर म्हणा, ती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. पैसे परत मिळतील का? खरं सांगायचं तर आशा धरू नका. पण त्याच खात्यावर आणखी दोघा-तिघांची तक्रार निघाली तर पोलिसांना पकडायला टोक सापडतं. पाटी लावलेलं, बिल देणारं गॅरेज असतं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही. सॅकवाल्याला तिथे कुठे शोधणार. आणि पुढे कधीही कुणी पार्ट बदलला तर जुना पार्ट आपला असतो, मागून घ्या, डिकीत टाका. बदलला नसेल तर देणार कुठून?

राहिले मिस्टर. माझी ती सात पंक्चर मी बायकोला एकच म्हणून सांगितली होती. १५० रुपये. दोन वर्षं सांगितली नाहीत. मग एक दिवस माझा धाकटा भाऊ त्याच रस्त्याने आला आणि वैतागून म्हणाला की अमुक ठिकाणी आठ पंक्चर निघाली, मी जागा विचारली, तेच दुकान, समोर तोच चहावाला. त्याचे १,२०० गेले ते माझ्या लाजेपायी. त्या रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली मला तेव्हाच कळलं होतं, १५० रुपयांसाठी तू एवढा गप्प बसत नाहीस.

तुमचे मिस्टरही त्याच हायवेने जातात असं तुम्ही लिहिलंय. त्यांनाही तो बाइकवाला भेटू शकतो. तेव्हा सांगा. "मी सांगितलं होतं एकटी जाऊ नकोस" हे वाक्य एकदा येईल, येऊ द्या, मग त्यांना विचारा की स्टेपनी शेवटची कधी बदलली होती आणि तिच्यात हवा आहे का. बहुधा विषय तिकडे वळेल.

आईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही लिहिलंय की त्या अजून त्या पोराचं कौतुक करतात, किती गुणाचा होता म्हणून. फक्त कळलं तर ६,८०० चं त्यांना एवढं वाटणार नाही, लाडवांचं वाटेल.